केळ्यावरची चिलटं आनुवंशिकता कशी शिकवतात?

पिकलेलं केळं दोन दिवस उघडं राहिलं की त्यावर बारीक चिलटं घोंगावू लागतात. त्यातलंच लाल डोळ्यांचं, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं एक चिलट म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. बारावीच्या जीवशास्त्रात मॉर्गनच्या नावासोबत भेटणारी फळमाशी ती हीच.

इथे एक गोंधळ होतो. आंबा-पेरूत अळ्या पाडणारी आणि जिच्यासाठी बागेत रक्षक सापळे लावतात, तिलाही शेतकरी फळमाशीच म्हणतात. ती बॅक्ट्रोसेरा. तिचं कुळच वेगळं.

प्रयोगाला लागतं काय?

फार काही नाही. रवा, गूळ, अगर आणि यीस्ट शिजवून बाटलीत ओततात, बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिओनिक आम्ल घालतात आणि तोंडाला कापसाचा बोळा लावतात. लाल डोळ्यांच्या माश्या केळं ठेवून पकडता येतात. पांढऱ्या डोळ्यांचा वाण मात्र मागवावा लागतो. म्हैसूर विद्यापीठात अशा वाणांचं केंद्र आहे.

२५ अंश तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात. खरी अडचण उन्हाळ्याची. पारा ३० च्या वर राहिला की नर वांझ होऊ लागतात. त्यामुळे आष्टी तालुक्यातल्या कड्यासारख्या, एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठणाऱ्या गावात हा प्रयोग हिवाळ्यातच उरकलेला बरा.

दुसरी काळजी मादीची. कोषातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तासांच्या आत तिला वेगळं काढावं लागतं, नाहीतर ती बाटलीतल्या नराशी आधीच मिलन करून बसते आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात. ओळखायला सोपं: नर लहान, त्याच्या पोटाचं टोक काळं आणि गोलसर. मोजताना बाटली बर्फावर ठेवली की माश्या निपचित पडतात. ईथरही चालतो, पण जास्त झाला तर पंख उभे राहतात. म्हणजे माशी मेली.

मॉर्गनला काय दिसलं?

१९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गनला पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. लाल डोळ्यांच्या माद्यांशी संकर केल्यावर पहिली पिढी जवळपास सगळी लाल निघाली. दुसऱ्या पिढीत लाल माद्या २,४५९, लाल नर १,०११ आणि पांढरे नर ७८२. पांढरी मादी एकही नाही! डोळ्यांच्या रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, हे यातून पुढे आलं.

लाल आणि पांढरे नर खरं तर सारखेच यायला हवे होते. पण पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या अशक्त असतात, त्यातल्या बऱ्याच वाढ पूर्ण होण्याआधीच मरतात. प्रॅक्टिकलच्या जर्नलात नेमकं ३:१ भरून मोकळं होणाऱ्यांना हे आकडे आवर्जून दाखवावेत.

उलटा संकर

वर्गासाठी सर्वांत बोलका संकर याच्या उलट आहे: पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर. दहा-बारा दिवसांनी बाटलीतल्या सगळ्या मुली लाल आणि सगळे मुलगे पांढरे. बापाचं एक्स मुलींकडेच गेलं, मुलग्यांना त्याच्याकडून वाय मिळालं. आईने मात्र सगळ्यांनाच एक्स दिलं. म्हणजे अपत्य नर की मादी, हा फरक बापाच्या शुक्राणूतून आला.

माणसातही एक्स-वायची वाटणी अशीच होते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. जिथे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावला जातो, तिथे ही बाटली प्रत्येक वर्गात फिरायला हवी.

शिकवताना एक भेद मात्र सांगावाच लागतो. माशीत लिंग ठरतं ते एक्स किती आहेत त्यावरून. वाय नसला तरी एका एक्सची माशी नरच होते, फक्त वांझ. माणसात मात्र वायवरचा एसआरवाय हा जनुक गर्भाला मुलगा होण्याच्या वाटेवर नेतो.