सिरियल की सिलॅबस?

परवा शनिवारी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मला फ्लॅश बघायचीय. कुठून सुरू करू?" मी लगेच एक्सेल उघडली. अ‍ॅरोचा हा भाग, मग फ्लॅशचा तो, मधे सुपरगर्ल... अर्ध्या तासाने शीट बघून तिने विचारलं, "ही सिरियल आहे की सिलॅबस?"

प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून थोडा इतिहास उकरला. (पुढे स्पॉयलर आहेत, सांगितलं नाही म्हणू नका!)

२०१२ मध्ये 'द सीडब्ल्यू' या अमेरिकन चॅनेलवर अ‍ॅरो आली. तिच्यातूनच २०१४ मध्ये फ्लॅश निघाली. दोन्ही घरं वेगळी, पण एकमेकांकडे जाणं-येणं. डिसेंबर २०१४ मधे दोघांची मोठी भेट झाली, सलग दोन रात्री. पण फ्लॅशमधला गुन्हेगार फ्लॅशमधेच पकडला गेला आणि अ‍ॅरोमधला अ‍ॅरोत. एकच भाग बघितला तरी पोट भरत होतं.

आता नोव्हेंबर २०१७ बघा. 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स': चार सिरियल, दोन रात्री, चार भाग, गोष्ट मात्र एकच. फ्लॅशच्या हिरोचं, म्हणजे बॅरीचं लग्न उधळलं गेलं सुपरगर्लच्या भागात, आणि शेवटी लागलं ते लेजंड्स ऑफ टुमारोच्या भागात! म्हणजे फक्त फ्लॅश बघणाऱ्याला त्याच्याच हिरोच्या लग्नाचं आमंत्रण नाही.

खरं सांगायचं तर मला अर्थ-एक्स प्रचंड आवडला होता. पण माझा पाच वर्षांचा अभ्यास झाला होता ना राव! नव्या माणसाचं काय?

मग जोडणी करूच नये का? तसंही नाही. मार्व्हलची एजंट्स ऑफ शील्ड घ्या. एप्रिल २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिकाच्या विंटर सोल्जर सिनेमात शील्ड ही संस्थाच कोसळली. काही दिवसांतच सिरियलमधेही तोच भूकंप झाला. पण तिथे हादरा बसला तो टीममधला ग्रँट वॉर्डच शत्रूचा माणूस निघाल्याचा. तो घाव कळायला सिनेमाचं तिकीट लागत नाही. धक्का बाहेरून आला, गोष्ट घरचीच राहिली.

आमच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूलने दुसऱ्याला खुशाल कॉल करावा, पण एकट्याने रन तर व्हायला हवं! मार्व्हललाही हे पटलं असावं. जानेवारी २०२४ मधली 'एको' त्यांनी 'मार्व्हल स्पॉटलाइट' अशी वेगळी पाटी लावून आणली. मतलब हाच की आधीचं काही बघितलेलं नसलं तरी चालेल.

असो. शीट डिलीट केली. बहिणीला म्हटलं, "फ्लॅशच्या पहिल्या भागापासून लाव. मधे कोणी हिरव्या टोपडीतला धनुर्धारी आला तर पाहुणा समज. बॅरीचं लग्न जवळ आलं की मला फोन कर, चारही भाग एकत्र बघू."

बघा पटतंय का.