नाव घ्यायलाही बंदी असलेलं गाणं

पॉल मॅकार्टनी म्हटलं की 'येस्टरडे' आठवतं, 'हे ज्यूड' आठवतं. 'गिव्ह आयर्लंड बॅक टू द आयरिश' सहसा कुणाला आठवत नाही. बीटल्स फुटल्यावर त्याने काढलेल्या विंग्ज या बँडचं हे पहिलं सिंगल, फेब्रुवारी १९७२ मधलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ३० जानेवारी १९७२, रविवार. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात, खटला न चालवता लोकांना डांबून ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध मोर्चा निघाला होता. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळीबार केला. त्या दिवशी तेराजण गेले, चौदावा जखमी काही महिन्यांनी दगावला. मॅकार्टनी लिव्हरपूलचा, पण घराण्याची मुळं आयरिश. दोन दिवसांत गाणं रेकॉर्ड झालं.

बीबीसीने त्यावर बंदी घातली. तरी ते ब्रिटनमध्ये सोळाव्या क्रमांकावर पोचलं, आयर्लंडमध्ये पहिल्या. आता पंचाईत बघा! लोकप्रिय गाण्यांची यादी तर रेडिओवर वाचायची. मग निवेदकाने नाव टाळून 'विंग्ज या गटाची एक रेकॉर्ड' एवढंच म्हटलं.

खरं सांगायचं तर गाणं थोर नाही. शब्द जवळजवळ बाळबोध. उत्तर आयर्लंडमधल्या बहुसंख्य प्रोटेस्टंटांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं, त्या पेचाला ते भिडतच नाही. गंमत म्हणजे, त्यात गिटार वाजवणारा हेन्री मॅककुलॉ स्वतः उत्तर आयर्लंडचा प्रोटेस्टंट.

मग अशा अपुऱ्या मताची गळचेपी झाली तर बिघडलं कुठे? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'त याचं उत्तर दिलंय. दाबलेलं मत चुकीचं असलं तरी त्यात सत्याचा अंश असू शकतो, आणि तो विरोधी मतांच्या टकरीतूनच हाती लागतो. इथे अंश कोणता? मोर्चातल्या माणसांवर अन्याय झाला, हा. एप्रिल १९७२ मध्ये विजरी अहवालाने सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केलं. पुढे सॅव्हिल चौकशी बसली आणि २०१० साली निष्कर्ष आला, की ज्यांना गोळ्या लागल्या त्यांच्यापैकी कुणावरही गोळी झाडणं समर्थनीय नव्हतं. पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. मध्ये अडतीस वर्षं गेली.

गाण्याने हा न्याय मिळवून दिला, असं मी म्हणत नाही. तो मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने मिळवला. मॅकार्टनीचंही काही अडलं नाही. मे महिन्यात त्याने 'मेरी हॅड अ लिटल लँब' काढलं आणि तेही खपलं. नुकसान झालं ते ऐकणाऱ्याचं. गाणं ऐकून 'हे साफ चूक आहे' असं म्हणायला तरी त्याला डेरीत काय घडलं हे विचारावं लागलं असतं. बंदीने त्याची ती गरजच काढून घेतली.