शुश्रूषेची कसोटी

थळघाट चढून लोहमार्ग इ. स. १८६५ मध्यें इगतपुरीस पोंचला, आणि सुमारें १,९०० फूट उंचीवरील हें गांव मुंबईकरांच्या हवापालटाचें ठिकाण झालें. हवापालटाची जागा निवडतांना पाहावयाची ती हवा आणि पाणी. परंतु मध्यरात्रीं ज्वर चढल्यास उशाशीं कोण असेल, हा प्रश्न स्वच्छ हवेनें सुटत नाहीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८५९ सालीं शुश्रूषेवर लिहितांना शुद्ध हवेला अग्रस्थान दिलें. पण आपण जवळ नसतांनाही रुग्णाची व्यवस्था ढळूं नये, असेंही तिनें बजावलें.

मुंबई प्रांताच्या १९४९ च्या शुश्रूषागृह-नोंदणी कायद्यानें हाच विचार नियमांत आणला. जेथें पात्र डॉक्टराची किंवा तेथेंच राहणाऱ्या पात्र परिचारिकेची देखरेख नाहीं, अथवा शिक्षित परिचारिकांचें योग्य प्रमाण नाहीं, तेथें नोंदणी नाकारतां येऊं लागली. अधिकाऱ्यांस तपासणीचा अधिकार मिळाला. २०२१ सालीं महाराष्ट्राच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली.

कायदा दारापर्यंत येतो. पुढची परीक्षा आप्तांची. आजारी आईवडिलांना शुश्रूषागृहांत ठेवणाऱ्यांनीं खिडकींतला डोंगर अवश्य पाहावा. पण रात्रपाळीस परिचारिका किती, हें त्याआधीं विचारावें.