एका डॉलरचा करार

खेळांचे इतिहास बहुधा विजेत्यांच्या याद्यांनी भरलेले असतात. कोणी कोणास हरविले हे त्यांत सापडते; खेळणाऱ्याच्या हाती त्या दिवशी किती पैसे पडले आणि ते कोणी ठरविले, हे क्वचितच सापडते. आम्ही कामगार चळवळीत वाढलेलो. आमची नजर आधी पगारपत्रकाकडे जाते. म्हणून १९७० साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी भरलेल्या स्त्रियांच्या एका लहानशा टेनिस स्पर्धेची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१९६८ पर्यंत विंबल्डनसारख्या थोर स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी राखलेल्या होत्या. पैसे दिले जात, पण पडद्याआडून. १९६८ मध्ये व्यावसायिक खेळाडूंस दार मोकळे झाले, आणि पैसा उघड झाला तसा भेदही उघड झाला. त्या वर्षी विंबल्डनला रॉड लेव्हर यास २,००० पौंड मिळाले, तर स्त्रियांत जिंकलेल्या बिली जीन किंग हिला ७५०. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेने तर कळस केला. पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर, स्त्री विजेतीस १,५००; आणि उपांत्यपूर्व फेरी न गाठणाऱ्या स्त्रियांच्या हाती काहीच नाही! संयोजक जॅक क्रेमर हा स्वतः एके काळचा विंबल्डन विजेता. बायकांचा खेळ पाहावयास लोक येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. हा हिशेब आम्हांस नवा नाही. बाईच्या कामाचे मोल कमी धरण्यास कारणे नेहमीच तयार असतात.

किंग ही लाँग बीचच्या अग्निशमन दलातील एका जवानाची मुलगी, सार्वजनिक मैदानावर खेळ शिकलेली. तिची जोडीदारीण रोझी कॅसल्स हीही सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक मैदानावरचीच. क्लबांच्या हिरवळीवर जन्मलेल्यांना पैशाची बोलणी अशिष्ट वाटत असतील. या दोघींना ती वाटली नाहीत. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या प्रकाशिका ग्लॅडिस हेल्डमन यांनी क्रेमरकडे रदबदली करून पाहिली. तो हलला नाही. तेव्हा बहिष्काराची भाषा निघाली. परंतु नुसत्या बहिष्काराने मैदान संयोजकाकडेच राहते आणि चूल आपली विझते, हे संप केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. हेल्डमनबाईंनी निराळी वाट काढली. त्याच आठवड्यात ह्यूस्टन येथे फक्त स्त्रियांची स्पर्धा, बक्षिसे एकूण साडेसात हजार डॉलरची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस संघटनेने मान्यता नाकारली आणि निलंबनाची धमकी दिली. निलंबन म्हणजे राष्ट्रीय संघात जागा नाही, मोठ्या स्पर्धांची शाश्वती नाही. २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊजणींनी हेल्डमनबाईंशी एकेका डॉलरचा, एका आठवड्यापुरता करार केला, आणि नोटा उंचावलेले छायाचित्रही निघाले. किंग, कॅसल्स, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झीगनफस, ज्यूली हेल्डमन, आणि ऑस्ट्रेलियाच्या ज्यूडी डाल्टन व केरी मेलव्हिल. यांतील ज्यूली दुखापतीमुळे खेळू शकत नव्हती. सह्यांच्या यादीत आपले नाव असावे म्हणून ती आली. सगळ्याच जणी किंगएवढ्या नामांकित नव्हत्या. आमच्या मते खरे धाडस त्यांचेच, कारण नाव असलेल्यास परत बोलावतात, नाव नसलेल्यास विसरतात. निलंबन झालेही.

अंतिम सामन्यात कॅसल्सने डाल्टनला ५-७, ६-१, ७-५ असे हरविले आणि १,६०० डॉलर घेतले. लॉस एंजेलिसच्या विजेतीपेक्षा शंभर डॉलर अधिक.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. या स्पर्धेस नाव आणि बक्षिसांतील काही रक्कम व्हर्जिनिया स्लिम्स या सिगारेटची होती. अमेरिकेत जानेवारी १९७१ पासून दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. कंपनीला दुसरी चव्हाट्याची जागा हवीच होती. फुप्फुसांचा धंदा करणाऱ्यांच्या पैशावर हक्काची लढाई उभी राहिली, हे खरे आहे. आम्हांस ते खुपते. पण दुसरा कोणी पैसे घेऊन आला नव्हता, हेही खरे.

पुढल्या वर्षी याच नावाची स्पर्धांची मालिका सुरू झाली, आणि १९७१ च्या हंगामात किंगने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. तोवर कोणत्याही स्त्री खेळाडूने तो ओलांडला नव्हता. संघटना मात्र अजून फुटलेल्या होत्या. जून १९७३ मध्ये, विंबल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात किंगने साठांहून अधिक खेळाडू गोळा केल्या आणि उंच्यापुऱ्या बेट्टी स्टोव्हला दारावर उभे केले. संघ स्थापन झाल्याशिवाय कोणी बाहेर जावयाचे नाही! अशी सभा चालविणाऱ्या बाईस आम्ही सहज आपल्यातली म्हणू.

त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेने दोन्ही विजेत्यांस पंचवीस पंचवीस हजार डॉलर दिले. स्त्रियांतील ती रक्कम गेली मार्गारेट कोर्टकडे, जी ह्यूस्टनच्या नऊजणींत नव्हती. संपात नसलेल्यासही वाढ मिळते. संघटकाने त्याबद्दल कुरकुर करू नये.

विंबल्डनला समान बक्षीस यावयास २००७ साल उजाडले. २०२१ मध्ये टेनिसच्या कीर्तिमंदिरात त्या नऊजणींस एकत्र प्रवेश मिळाला. असा गटाने प्रवेश पहिलाच. इतर अनेक स्पर्धांतला फरक मात्र उरला आहे. २०२३ मध्ये स्त्री खेळाडूंच्या संघाने तो मिटविण्याचे वेळापत्रक जाहीर केले. त्यात स्त्री-पुरुषांच्या एकत्रित मोठ्या स्पर्धांस २०२७ ची, तर एकेका आठवड्याच्या स्वतंत्र स्पर्धांस २०३३ ची मुदत दिली आहे. ह्यूस्टनच्या सह्यांपासून ती त्रेसष्ट वर्षे होतील.