जोडे बाहेर काढा! सुटाखालच्या बुटांची गोष्ट

आजचा भाग एका प्रश्नावरून सुचला. इंदूरच्या एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, पुढच्या महिन्यात पहिली मुलाखत आहे. सूट मावसभावाचा मिळतोय. पण त्याचे बूट मला होत नाहीत. दोन हजारांत सुटावर शोभतील असे बूट मिळतील का?"

प्रश्न बाजाराचा आहे, मग इतिहासाच्या मालिकेत कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण या मुलाने अगदी मर्मावर बोट ठेवलं आहे. सूट उसना मिळतो. कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्यानेही मिळतो. बूट मात्र ज्याचे त्यालाच घ्यावे लागतात. आणि आपल्या देशात या बुटांवरून एके काळी थेट कोर्टात भांडण झालं होतं.

साल १८६२. गाव सुरत. माणकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ तिथल्या फौजदारी अदालतीत असेसर होते. ते सेशन जज्जाच्या कोर्टात गेले तेव्हा जज्जाने फर्मावलं, जोडे बाहेर काढा. वरिष्ठांपुढे जोडे काढणं हीच हिंदुस्थानी रीत आहे, असं त्याचं म्हणणं. माणकजींनी नकार दिला. जज्ज हटेना, माणकजीही हटेनात. शेवटी त्यांना कोर्टात येण्याची बंदी झाली, आणि त्यांनी निषेधाचं पत्र थेट मुंबईच्या गव्हर्नरला पाठवलं.

मग वाद पेटला. इंग्रजांचा मुद्दा असा, की तुम्ही देवळात आणि घरात जोडे काढता, मग आमच्या कोर्टात का नाही? आपल्या लोकांनी दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं आहे. घरात आम्ही जमिनीवर बसतो, तिथे रस्त्याची घाण नको म्हणून जोडे काढतो. देवळात चामड्याचा विटाळ मानतात म्हणून काढतो. कोर्ट हे घरही नाही आणि देऊळही नाही. तिथे खुर्च्या आहेत, मग जोडे कशासाठी काढायचे?

यात गंमत म्हणजे सरकारने एक पळवाट आधीच ठेवली होती. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने ठराव केला, की सरकारी समारंभांत देशी सद्गृहस्थांनी युरोपियन पद्धतीचे बूट घातले असतील तर ते पायात ठेवायला हरकत नाही. म्हणजे देशी जोडा असेल तर दाराबाहेर, विलायती बूट असेल तर आत. दोन्ही चामड्याचेच, दोन्हींच्या तळाला तीच धूळ. फरक फक्त ते कुणासारखे दिसतात एवढाच! कचेऱ्यांत "जोडे झिजवणे" हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण त्या काळी ते झिजवायला आत नेण्याचीसुद्धा परवानगी लागत होती. मुफसल कोर्टांपर्यंत विलायती बुटांना मोकळीक मिळायला पुढे आणखी वीसेक वर्षं गेली.

या सगळ्याचा विरोधी सूर आपल्या पुण्यातच सापडतो. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. झाडून सगळे प्रतिष्ठित भारी पोशाखात आले. जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या साध्या वेशात. या दागदागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यांत आहे, हे त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितलं. पोशाखाचा अर्थ त्यांना नेमका कळला होता. म्हणूनच तो मोडून दाखवावा, असं त्यांना वाटलं.

पण मंडळी, प्रत्येकाला जोतीराव होता येत नाही. नोकरी मागायला गेलेल्या मुलाला दाराशी जे चालतं तेच घालावं लागतं. तेव्हा खरा प्रश्न किमतीचा. हे बूट सामान्य माणसाला परवडू कधी लागले?

त्यासाठी थोडं अमेरिकेत जाऊ. बूट शिवताना सगळ्यात अवघड काम असतं ते वरचं चामडं पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणून तळाला बसवण्याचं. हे काम कुशल कारागीर हाताने करत. दिवसाला साधारण ५० जोड व्हायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन या बुटांच्या गावात यान मॅट्झेलिगर नावाचा कृष्णवर्णीय कामगार होता. जन्म डच गयानाचा, म्हणजे आजच्या सुरीनामचा. त्याने या कामाचं यंत्र बनवलं आणि १८८३ मध्ये पेटंट मिळवलं. यंत्रावर दिवसाला १५० ते ७०० जोड होऊ लागले, आणि अमेरिकेत बुटांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या. मॅट्झेलिगर मात्र क्षयाने १८८९ मध्ये गेला. वय अवघं ३६.

दुसरा टप्पा चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावचा. तिथे १८९४ मध्ये टोमास बाटा यांनी भावंडांसोबत कारखाना काढला होता. १९२२ च्या मंदीत त्यांनी बुटांच्या किमती एकदम निम्म्या केल्या. दुकानांपुढे रांगा लागल्या. पण याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. त्याच वेळी कामगारांच्या पगारात ४० टक्के कपात झाली. बदल्यात त्यांना अन्नधान्य स्वस्तात दिलं गेलं. स्वस्त बुटाची किंमत कुणी ना कुणी भरत असतोच.

या बाटांची भारतातली कंपनी १९३१ मध्ये नोंदली गेली. कलकत्त्याजवळ कोन्नगरला काम सुरू झालं, आणि १९३४ मध्ये हुगळीकाठी बाटानगरची पायाभरणी झाली. तोवर विलायती घाटाचे बूट आपल्याकडे होत नव्हते असं नाही. कानपूरला फौजेसाठी ते बनत, आणि कलकत्त्याच्या बेंटिंक स्ट्रीटवरचे चिनी कारागीर मापाने शिवून देत. बाटाने गावोगावी ठरलेल्या किमतीचं दुकान आणलं. किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, गिऱ्हाईक बाबू असो की हमाल. आपल्यातले कित्येक जण बाटाला देशी कंपनीच समजत मोठे झाले. काळे, लेसवाले शाळेचे बूट हीच आपली सुटाच्या बुटांशी पहिली ओळख.

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचरा भाग. बूट शिवणारे हात कुणाचे होते? उत्तरेत आग्रा हे बुटांचं मोठं केंद्र. तिथल्या हिंग की मंडीत आजही जोडांचे ढीग लागतात. हा धंदा वर्षानुवर्षं मुख्यतः जाटव कारागिरांच्या हातांवर उभा राहिला. देशात अनेक गावी याच समाजातल्या माणसाला सवर्णांच्या गल्लीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. सुरतेच्या कोर्टात जज्जाने जे माणकजींना सांगितलं, तेच आपला समाज आपल्याच माणसांना रोज सांगत होता. कोर्टाबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांना हे खुपलं असेल?

म्हणूनच बाबासाहेबांचा सूट आणि बूट ही फॅशन म्हणून पाहू नये. संसदेच्या आवारातला त्यांचा पुतळा आठवा. कोट, आणि पायात बूट. १८ मार्च १९५६ ला बाबासाहेब आग्र्यात बोलले तेव्हा ऐकायला जमलेल्यांत बूट शिवणारी कितीतरी कुटुंबं होती. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पायांसाठी शिवलेली वस्तू आपला नेता हक्काने घालून उभा आहे, हे ते पाहत होते.

तर इंदूरच्या मित्रा, आता तुझे बूट. हा सगळा इतिहास तुझ्या दोन हजारांच्या कामी येतो.

पहिलं, घाट निवड. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या दोन्ही बाजू पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो पायाला घट्ट आवळतो. डर्बीत त्या वरून मोकळ्या असतात. चपलेत वाढलेला पाय पंज्याला रुंद असतो, त्याला डर्बी बरी. रंग काळा घे, टोक साधं घे. मुलाखतीला, लग्नाला आणि ऑफिसला एकच जोड चालेल.

दुसरं, पैसे तळात घाल, नावात नको. १८७१ मध्ये अमेरिकेत पेटंट झालेली गुडइयर वेल्ट पद्धत उत्तम. तिच्यात चामड्याची एक पट्टी शिवून तिला तळ शिवतात, त्यामुळे तळ पुन्हा पुन्हा बदलता येतो. पण या बजेटात ती मिळणं कठीण, तळ चिकटवलेलाच मिळेल. मग सरळ कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जा आणि कडेने शिलाई मारून घे. थोड्या पैशांत आयुष्य वाढतं.

तिसरं, बूट वाकवून बघ. चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात, रेक्झिनवर जाड घडी पडते. आणि पीयूचा तळ असेल तर बूट कपाटात जपून ठेवू नकोस. दमट हवेत तो न वापरताच भुगा होतो. लग्नाच्या वरातीत तळ गळून पडलेले नवरदेव मी पाहिले आहेत!

चौथं, खरेदी संध्याकाळी कर, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मुलाखतीला घालशील तेच मोजे नेऊन माप बघ. आग्रा, कानपूर, तामिळनाडूतलं आंबूर, किंवा मुंबईची ठक्कर बाप्पा कॉलनी इथे कुणी ओळखीचं असेल तर कारागिराकडूनच घे. पैसा थेट त्या हातात जाईल.

आणि मुलाखतीच्या दिवशी दार उघडशील तेव्हा एक क्षण माणकजी एंटींना आठव. ज्या दारातून त्यांना जोडे घालून आत जाऊ दिलं नाही, तसल्याच एका दारातून तू स्वतःच्या पैशाने घेतलेल्या बुटांनी आत जातो आहेस.

मुलाखत कशी झाली ते कळव. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.