कडी-कोयंड्यापासून काचेच्या दारापर्यंत

स्मरणिका समितीनं सोसायटीच्या जुन्या फायली चाळायचं काम माझ्या गळ्यात घातलं. कारण साधं आहे. आठ वर्षं मी खजिनदार होतो आणि ऑफिसच्या कपाटाची एक किल्ली अजून माझ्याकडंच आहे. सन 2000 च्या पहिल्या फाइलीत नोंदणीच्या दाखल्याच्या मागं व्हाउचर क्रमांक 1 लावलेलं आहे. उद्घाटनाचा हार नाही, पेढे नाहीत. "पंपघरासाठी कुलूप 1 नग, किल्ल्या 3." तेव्हा पहिल्या मजल्याचं प्लास्टरसुद्धा पुरं झालं नव्हतं. तीन किल्ल्यांपैकी एक चेअरमनकडं, एक सेक्रेटरीकडं आणि एक वॉचमनकडं, अशी पेन्सिलीनं नोंद आहे. ती वाचली आणि ठरवलं की आपल्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचा तर दारं, खिडक्या आणि कुलपांवरूनच लिहावा. अध्यक्षांची यादी, वृक्षारोपण आणि गणेशोत्सव यांवर इतर लेख आहेतच.

आमचं बालपण मंगळवार पेठेतल्या वाड्यात गेलं. वाड्याच्या मोठ्या दाराला आजच्यासारख्या बिजागऱ्या नव्हत्या. दाराच्या फळीलाच वर आणि खाली लाकडी खुंट ठेवलेला, तो उंबऱ्यातल्या खळग्यात फिरायचा. दार उघडताना करकर आवाज यायचा आणि त्या आवाजावरून कोण आलं हे आजी माजघरातून सांगायची. रात्री आतून आडवा अडसर. दिवसा नुसती कडी, ती कोयंड्यात अडकवली की झालं. खोल्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा, झडपांना खिटी आणि बाहेर लोखंडी गज. कुलूप होतं ते कोठीच्या खोलीला, आणि किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला. चोरापेक्षा आम्हा नातवंडांपासून गूळ वाचवायला ते कुलूप जास्त उपयोगी पडायचं.

एकेकाळी अख्ख्या शहरालाच असं दार होतं. कोल्हापूरभोवती तट होता, वेशी होत्या. तट गेला, पण गंगावेस आणि वरुणतीर्थ वेस ही नावं राहिली. बिंदू चौकात तटाचा एक तुकडा अजून उभा आहे, त्याच्या शेजारून आपण रोज हॉर्न वाजवत जातो.

कुलपाची खरी ओळख मला झाली ती बँकेत. नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं, बँकेचं काम म्हणजे आकडेमोड. पहिल्याच शाखेत कळलं की बँकेचं काम म्हणजे किल्ल्या सांभाळणं. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडं. एकट्याला दार उघडता येत नाही. दुसऱ्या संचाच्या किल्ल्या सीलबंद पाकिटात, त्या पाकिटावर दोघांच्या सह्या आणि ते पाकीट दुसऱ्याच शाखेत जमा. लॉकरचंही तसंच. आधी बँकेची किल्ली फिरते, मग खातेदाराची. खातेदाराची किल्ली हरवली तर बँकेकडं तिची जोड नसते. कंपनीचा माणूस बोलवायचा आणि खातेदारासमोर लॉकर फोडायचा. गडहिंग्लजला असताना एका म्हाताऱ्या बाईंचा लॉकर असा फोडावा लागला. आत निघाली एक नथ आणि नवऱ्याची पत्रं. बाई म्हणाल्या, "नथीचं काय न्हाई साहेब, कागदं हाईत न्हवं?"

त्या नोकरीमुळं कुलपांविषयी वाचायचा नाद लागला. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली आणि त्यातून 1818 साली जेरेमाया चब यानं एक कुलूप काढलं. चुकीची किल्ली लावली की ते अडकून बसायचं, म्हणजे कुणीतरी हात लावलाय हे मालकाला कळायचं. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हॉब्ज नावाच्या अमेरिकन गड्यानं ते चबचं कुलूपही उघडलं आणि त्याहून नावाजलेलं ब्रामाचंही. ब्रामाच्या कुलपाला मात्र त्याला कित्येक दिवस लागले. आपल्याकडं अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडली आणि 1897 साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. तिजोऱ्या त्यानंतर आल्या. माझ्या नोकरीतल्या जवळजवळ प्रत्येक शाखेत त्यांच्या नावाची तिजोरी होती. दुसरीकडं अलीगढची कुलपं गावोगावच्या बाजारात. आठवडी बाजारात सतरंजीवर मांडलेली ती पितळी कुलपं माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिली असतील.

आता आपल्या इमारतीकडं येतो. सन 2000 मध्ये बिल्डरनं दिलं ते त्या काळच्या रीतीनं. मुख्य दार फ्लश डोअर, त्याला नाइट लॅच आणि अल्ड्रॉप. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. त्या आधीच्या इमारतींत लोखंडी झेड सेक्शनच्या खिडक्या असायच्या, तावदानं लांबीनं बसवलेली. त्या मानानं सरकती खिडकी म्हणजे चैन. चार-पाच पावसाळ्यांत तिची चाकं झिजली, खालच्या पट्टीत माती बसली आणि "खिडकी सरकत नाही" ही तक्रार दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत पाणीपट्टीच्या खालोखाल येऊ लागली. इतिवृत्तांत मी मोजलं नाही, पण बरीच पानं त्यात गेलीत.

मग 2019 चा ऑगस्ट आला. तो काळ नव्यानं सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. जयंती नाला उलटा फुगला आणि आपल्या पार्किंगमध्ये आला. वीज गेली, पुण्याचा हायवे बंद झाला. आपण सगळ्यांनी मिळून तळमजल्याच्या तिन्ही घरांतलं सामान वर न्यायला घेतलं. दोन घरं रिकामी केली. तिसऱ्या घराचे मालक पुण्याला मुलाकडं गेलेले, किल्ली त्यांच्याकडं. फोनवर ते म्हणाले, "फोडा." लाकडी दार पाणी पिऊन फुगलं होतं, चौकटीत घट्ट बसलं होतं. कुलूप फोडून झालं तरी दार हलेना. पहार घालून उघडेपर्यंत आत गुडघाभर पाणी. गॅसची टाकी, कपडे, भांडी वाचली. खालच्या कप्प्यातले घराचे मूळ कागद आणि मुलीच्या लग्नाचे अल्बम भिजले. ते गृहस्थ परत आल्यावर कुणालाही एक शब्द बोलले नाहीत. अल्बमची पानं गच्चीवर एकेक करून वाळत घालत बसले. तो दिवस मला विसरता येत नाही.

त्यानंतरच्या सभेत मी ठराव मांडला. प्रत्येक घराची एक जादा किल्ली सीलबंद पाकिटात सोसायटीकडं ठेवायची. पाकिटावर मालकाची सही, कपाटाला दोन कुलपं, दोन पदाधिकाऱ्यांकडं एकेक किल्ली. थोडक्यात, माझी स्ट्राँगरूम. सभा तापली. "माझ्या घराची किल्ली दुसऱ्याकडं का?" हा प्रश्न रास्त होता. एक सभासद म्हणाले, विश्वास असेल तर सील कशाला आणि नसेल तर किल्ली कशाला? मला पटकन उत्तर देता आलं नाही. ठराव ऐच्छिक म्हणून मंजूर झाला. पहिल्या वर्षी अकरा पाकिटं आली. आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून सांगतो, त्या अकरात माझं नव्हतं. सौ. चा विरोध होता. ते बाराव्या क्रमांकावर, दीड वर्षानं आलं.

दरम्यान काही घरांत नव्या खिडक्या-दारं आली. पांढरी यूपीव्हीसीची चौकट आणि दुहेरी काच. दोन काचांमध्ये बंदिस्त हवेची पोकळी, कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे. कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यानं 1865 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. थंडीच्या मुलखात घर ऊबदार राहावं म्हणून ती निघाली. आपण ती बसवली रस्त्याच्या आवाजासाठी. हॉर्न खरंच कमी झाले. विसर्जन मिरवणुकीच्या डॉल्बीपुढं मात्र तिचं काही चालत नाही, तो दणका काचेतून नाही तर छातीतून येतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलानं परदेशातून पैसे पाठवून बाल्कनीला असंच दार करून दिलं. काकू एकट्या राहतात, वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त. 2023 च्या एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता त्या वाळवणाला म्हणून बाल्कनीत गेल्या. वाऱ्यानं दार लागलं. त्यांनी बाहेरचं हँडल ओढलं तर ते हातात आलं आणि आतला चौकोनी गज पलीकडं पडला. मोबाइल आत. वर ऊन. समोरच्या इमारतीतल्या मुलीनं पाहिलं म्हणून कळलं.

पाकीट होतं. काकूंचं पाकीट क्रमांक 4. दोन्ही किल्ल्या जमवून कपाट उघडलं, सील फोडलं, लॅच फिरलं आणि दार दोन बोटं उघडून थांबलं. आतून साखळी लावलेली! एकटी बाई दुपारी साखळी लावणारच. हा विचार ठराव लिहिताना माझ्या डोक्यात आला नव्हता. वॉचमननं पंपघरातून करवतीचं पातं आणलं आणि फटीतून साखळी कापली. काकू बाल्कनीत पाऊण तास होत्या. आत आल्यावर पाणी प्यायल्या आणि पहिलं काय म्हणाल्या? "पापड उचला आधी."

दुरुस्तीची कथा वेगळी. दार बसवणाऱ्यांचा माणूस आला, त्यानं फोटो काढले आणि सांगितलं की हे मॉडेल बंद झालं, पूर्ण दार बदलावं लागेल. आकडा ऐकून काकू म्हणाल्या, मग मी बाल्कनीत जाणंच बंद करते. तेव्हा मी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन आलो. कोल्हापूरच्या मिस्त्रींविषयी मी पक्षपाती आहे. ज्या गावात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, ज्या गावच्या फाउंड्रीत शेतकऱ्यांच्या ऑइल इंजिनांचे भाग ओतले गेले, तिथं एक हँडल दुरुस्त होणार नाही हे मला मान्य नव्हतं.

मिस्त्रींनी हँडलकडं पाहिलंच नाही. दार अर्धवट लावून वरच्या कोपऱ्यातली फट पाहिली. "साहेब, हँडल बिचारं काय करंल? दारच बसलंय की."

मग त्यांनी समजावलं ते असं. दुहेरी काच जड असते. तिच्या वजनानं दार बिजागरीच्या विरुद्ध बाजूला हळूहळू खाली येतं. अशा दाराला एकच कडी नसते. हँडल फिरवलं की वर, मध्ये, खाली अशा तीन-चार ठिकाणी खटके चौकटीच्या खाचांत जातात. दार दोन-तीन मिलिमीटर उतरलं की खटके खाचांसमोर येत नाहीत. आपण हँडल जोरानं उचलतो, ते लागतं आणि आपल्याला वाटतं झालं. तो जोर हँडलच्या स्क्रूंवर आणि आतल्या गिअरबॉक्सवर पडत राहतो. एक दिवस त्यातलं काहीतरी तुटतं. काकू आठ महिने दोन्ही हातांनी हँडल उचलत होत्या.

बिजागरीवरचं टोपण काढून त्यांनी ॲलन-कीनं दार वर घेतलं. काचेच्या कडेची पट्टी सोडवून खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर तिरक्या समोरच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या चकत्या घातल्या. म्हणजे काचेचं वजन तिरकं होऊन बिजागरीवर जातं. आपल्या फाटकाला तिरकी पट्टी असते तेच तत्त्व. मग नवं हँडल. जुन्यावरून त्यांनी दोन मापं घेतली, चौकोनी गजाच्या मध्यापासून चावीच्या भोकाच्या मध्यापर्यंत आणि दोन स्क्रूंमधलं अंतर. एवढी मापं जुळली की कुठल्याही मेकचं चालतं, मॉडेल बंद असो वा चालू. पकडसाखळी नवी, ती मात्र बाहेरून विशिष्ट किल्लीनं सुटणारी. सगळं मिळून खर्च नव्या दाराच्या विसाव्या हिश्श्याएवढाही नाही. काकूंनी मिस्त्रींना त्याच पापडांचा डबा दिला.

त्यांनी जाताना सांगितलेलं इथं नोंदवतो, कारण अशी दारं आता आपल्याकडं नऊ घरांत आहेत. हँडल जड लागायला लागलं की त्याच आठवड्यात बोलवा, तुटेपर्यंत थांबू नका. खटक्यांना खोबरेल तेल घालू नका, धूळ धरून चिकटतं. सिलिकॉनचा स्प्रे मारा. दोन काचांच्या आत धुकं दिसलं तर पुसून जाणार नाही. कडेचं सील गेलेलं असतं, तेव्हा फक्त काच बदलायची, चौकट नाही.

साखळीची किल्लीही आता पाकिटात जाते. पाकिटं एकोणतीस झाली आहेत. दर पाडव्याला ती मोजतो. गेल्या पाडव्याला दमट हवेनं दोन पाकिटांचा डिंक सुटलेला दिसला, म्हणून मालकांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा सील केली आणि सगळी पत्र्याच्या डब्यात हलवली. पंपघराचं ते पहिलं कुलूप मात्र 2019 च्या पुरात गंजलं. त्याच्या तीन किल्ल्यांपैकी दोन डब्याच्या तळाशी आहेत. तिसरी कुणाकडं असेल तर कृपया ऑफिसात आणून द्यावी.