लालबागच्या रातभजनाचे चार फोटो

या अंकाच्या मधल्या पानावर चार काळेपांढरे फोटो आहेत. रवा सांडल्यासारखे दाणेदार. बघणाऱ्याला वाटेल छपाई बिघडली. बिघडलेली नाही. ते असे का आहेत ते तुम्हीच लिहा, असं मंडळींनी मला सांगितलं. मी चौथी शिकलेला शेतकरी, कीर्तनात बोलायची सवय, लिहायची नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

दिंडीच्या पेटीत जुने फोटो पुष्कळ आहेत, पण सगळे दिवसाचे. उन्हात उभं करून काढलेले. वीणेकरी मधी, टाळकरी दोन्ही अंगाला, हसत कुणीच नाही. फिल्मला तवा उजेडच तेवढा लागायचा. निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली दादरला राजा हरिश्चंद्र सिनेमा करायला घेतला, तोही उन्हाच्याच भरवशावर. 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, तो काळा उमटायचा. म्हंजे गुलाल आणि बुक्का फोटोत एकच!

पण भजन तर रात्रीचं. त्यात लालबाग-परळच्या गिरण्यांतल्या आपल्या गावकऱ्यांना रात्रीशिवाय वेळच नव्हता. दिंडीचा तंबू, मृदंगाची नवी पुडी, वारीचा शिधा, यातलं निम्मं त्यांच्या पगारातून आलं. त्यांना स्वतःला आषाढीची रजा मिळेलच असं नव्हतं. दुपारपाळी सुटली की बारानंतर चाळीतल्या गावकीच्या खोलीत ती माणसं टाळ घ्यायची. वर साठचा एक बल्ब. त्याच्या उजेडात फोटो निघतो, हे आम्हाला खरं वाटलं नसतं.

परदेशात ही सोय आधीच झाली होती. कोडॅक कंपनीने 1954 साली ट्राय-एक्स नावाची जलद फिल्म लहान कॅमेऱ्याच्या रोलात आणली. पुढं आपल्याकडं पूर्व जर्मनीची ओर्वो कंपनीची 400 ची फिल्म मिळायला लागली.

1979 च्या श्रावणात मी वडलांबरोबर लालबागला गेलो होतो. वीणा वडलांच्या गळ्यात होती. दादरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला असलेला आपल्याच गावचा पोरगा कॅमेरा घेऊन आला आणि फ्लॅश लावायला लागला. वडील म्हणाले, "फ्लॅश नगं मारूस बाबा. मान्सं कामावनं आल्यात, डोळं दिपत्यात." त्यानं मुकाट फ्लॅश काढून ठेवला आणि ओर्वोचा रोल भरला.

त्यानंच मला परवा पुन्हा समजावून सांगितलं. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे कण असतात. कण मोठा असला की थोडक्या उजेडातही काम होतं, पण चित्र जाडंभरडं येतं. 100 च्या फिल्मला जेवढा उजेड लागतो, त्याच्या चौथाईत 400 ची भागते. त्या खोलीत तेवढाही नव्हता. म्हणून त्यानं ती 1600 ची आहे असं धरून फोटो काढले आणि धुताना औषधात जास्त वेळ ठेवली. त्यानं दाणा आणखी उठला, कोपरे काळोखात बुडाले. फिल्म धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही, पार अंधार लागतो. लाल दिवा कागदावर छापताना, हे मला म्हातारपणी कळलं. एकेक फोटो सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाचा. तेवढ्यातही टाळाचे हात हलले, नुसता धूर दिसतो. तोंडं मात्र स्पष्ट आहेत.

छत्तीस फोटोंचा रोल होता. पेटीत ओल लागून फिल्म एकमेकांला चिकटली, चारच वाचले.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपल्या खोलीतले काही गावी येऊन रानात राबले, काही मुंबईतच हमालीला लागले. खोली गेली. ती माणसं एकत्र कुठं दिसतील तर या चार फोटोंतच.

पंच्याहत्तरीच्या अंकाला एका छापखान्याने हे फोटो खराब म्हणून परत दिले होते, आणि आपणही मान खाली घालून घेऊन आलो. याचं मला अजून वाईट वाटतं. या वेळी पोरांनी कॉम्प्युटरवर दाणे पुसून दाखवले. चेहरे मेणाचे झाले, वडलांच्या हनुवटीवरचा विळ्याचा व्रणच गेला. मी म्हणालो, राहू द्या दाणे.

फोटोतल्या सतरा जणांची नावं खाली दिली आहेत. तिसऱ्या फोटोत मागं खांबाला टेकून डोळे मिटून बसलेला, अंगात गिरणीचाच सदरा असलेला गडी कोण, ते अजून लागलेलं नाही. कुणी ओळखलं तर आषाढीला फडावर येऊन मला सांगा. नावाची जागा मोकळी ठेवली आहे.